पाटलांची कुरकुर

मोशीच्या चौकात झेंडूचे ढीग लागले की माझं डोकं तापतं. लोकांना त्या वासानं सण आठवतो, मला भांडण आठवतं. आज सकाळी भाजी आणायला गेले तर नाशिक रस्त्याच्या कडेला राजगुरुनगरकडून आलेले दोन टेम्पो उभे होते, फाळके पाडलेले, आत नुसता पिवळा-केशरी डोंगर. पावसाळा सरून ऑक्टोबरचं ऊन पडलेलं, मानेला चटके देणारं. फुलवाली म्हणाली, "ताई, खंडेनवमीला न्या की. गाडीला, मिशीनला." मी म्हटलं, "दोन माळा द्या. एक मोठी पाहिजे, ती पाटलांची." तिला वाटलं असतील कुणी जमीनवाले पाटील. तिनं माळ आणखी हातभर मोठी करून दिली आणि मी तिचा गैरसमज तसाच राहू दिला.

पाटील म्हणजे आमच्या ऑफिसातला एक जुना, काळा, जाडजूड कॉम्प्युटर. आम्ही आपापल्या लॅपटॉपवर जे काही लिहितो ते शेवटी त्याच्या पुढ्यात जातं, आणि तो ते एकत्र करून मशीनवर चढवता येईल असा एकच प्रोग्राम बांधून देतो. या बांधण्याला बिल्ड म्हणतात. त्यानं होकार दिल्याशिवाय आमच्याकडून काहीही चाकणच्या कारखान्यांत जात नाही, म्हणून सागरनं त्याचं नाव पाटील ठेवलं. सागर आमच्याकडे वायरी, नेट, यूपीएस असं सगळं सांभाळतो. मोशीचाच, जुन्या शेतकरी घरातला. पगाराची गरज नाही, घरी बसून कंटाळा येतो म्हणून नोकरी करतो, असं तो स्वतःच सांगतो. आणि येतो मात्र सगळ्यांच्या आधी.

सॉफ्टवेअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिंजवडीच्या काचा येतात. आमचं ऑफिस चिंचवडच्या जुन्या एमआयडीसीत, एका शेडच्या माळ्यावर आहे. खाली लेथ चालतात, वर आम्ही. दुपारी लेथवर ओतायच्या कूलंटचा वास जिन्यानं वर येतो आणि डब्यातल्या भाजीत मिसळतो. आम्ही प्रेस, कन्व्हेयर, वेल्डिंगच्या मशीन यांचे प्रोग्राम लिहितो. मला बघायला आलेल्या एका घरानं विचारलं होतं, मुलगी आयटीत आहे ना, मग ओढणीला तेलाचा वास कसा? मी म्हटलं, ज्यांना सोसत नसेल त्यांनी दुसरं घर बघावं. त्यांनी बघितलं. मला त्याचं आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

बिल्ड चालू असताना पाटील बोलतात. बोलतात म्हणजे पडद्यावर ओळी टाकत जातात: ही फाइल घेतली, ती घेतली, हिचं काम झालं, आता सगळे तुकडे जोडतोय. या ओळी साठवून ठेवल्या की झाला लॉग. हे बांधकाम करणारं टूल मोठं हिशोबी असतं, दर वेळी सगळं पहिल्यापासून करत बसत नाही. ते प्रत्येक फाइलवर पडलेली वेळ बघतं. मी लिहिलेली फाइल तिच्या आधी तयार झालेल्या तुकड्यापेक्षा नवी असेल तर तो तुकडा पुन्हा करतं, नसेल तर जुनाच वापरतं. घरात सकाळच्या पोळ्या शिल्लक असताना कुणी नव्यानं कणीक मळत नाही, तसं. फक्त सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली एवढं त्याला कळायला हवं, आणि ते कळण्यासाठी त्याचा सगळा भरवसा कॉम्प्युटरच्या घड्याळावर असतो.

मला लॉग वाचायला आवडतो. आवडतो म्हणजे अगदी मनापासून आवडतो, आणि यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी डबा घेऊन पाटलांसमोर बसायचे. खालून लेथचा एकसुरी आवाज येत असायचा, समोर ओळी वर सरकत असायच्या. काही फाइली झटकन उरकायच्या, काही अडून बसायच्या. हळूहळू मला त्यांचे स्वभाव कळायला लागले. मधूनच पाटील कुरकुरायचे: हे नाव ठेवलंय पण वापरलंय कुठं? ही संख्या या जागेत मावेल ना? काम थांबत नसे, नुसती कुरकुर. मला ती कुरकुरच सगळ्यात जास्त आवडायची, कारण तिच्यात कुणीतरी आपलं लिहिलेलं खरोखर वाचतंय असं वाटायचं.

ऑफिस ज्यांचं आहे ते गोसावी सर मागून जाता जाता म्हणायचे, "मनीषा, शेवटची ओळ बघ आणि ऊठ." शेवटच्या ओळीत सक्सेसफुल असं आलं की काम झालं. सर माणूस वाईट नाहीत. मला हे काम त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना कधी आवाज चढवला नाही. पण कुरकुरीचा त्यांना मनस्वी कंटाळा. ते टूल दोन वेगळ्या वाटांनी बोलतं, एका वाटेनं कामाचं सांगतं आणि दुसरीनं तक्रारी करतं. सरांनी अशी सोय करून ठेवली होती की पहिली वाट फाइलमध्ये साठायची आणि दुसरी थेट कचऱ्यात जायची. "कुरकुर ऐकत बसलो तर माल कधी पाठवायचा?" असं त्यांचं म्हणणं. मी कितीदा तरी म्हटलं असेल, सर, दोन्ही ठेवू या. दर वेळी ते हसण्यावारी गेलं.

ज्या वर्षीचं हे भांडण, त्या वर्षी खंडेनवमीला आमचं शेड नेहमीसारखंच उजळून निघालं होतं. खालच्या लेथवाल्यांनी मशीन पुसून लख्ख केल्या होत्या, लेथच्या फिरत्या तोंडाला माळा, बेडवर हळदकुंकू, पाटावर पान्हे आणि मापं घ्यायचे व्हर्निअर मांडलेले. झेंडू आणि तेल यांचा मिळून एक वास होतो, तो या पट्ट्याबाहेर कुठं येत असेल असं वाटत नाही. वर सागरनं आमच्या लॅपटॉपना कुंकवाचं एकेक बोट लावलं, स्क्रू-ड्रायव्हर ओळीनं मांडले, आणि शेवटी पाटलांसमोर मांडी घालून बसला. कोरड्या फडक्यानं धूळ पुसली, माळ घातली, नारळ फोडला. मग खाली वाकून त्यानं यूपीएसमधला त्यांचा प्लग उपसून काढला.

"आज ह्येला हात न्हाई लावायचा," तो म्हणाला. "वरीसभर राबतोय, ताई. ह्येला बी इसावा नको व्हय?"

मला ते फार आवडलं. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, पण यूपीएस पाटलांना पडू देत नाही; वर्षाकाठी हा एकच दिवस असा की ते खरोखर गप्प होतात. त्यांचा पंखा मंदावत मंदावत थांबला तेव्हा लक्षात आलं, हा आवाज आपण वर्षभर ऐकत होतो. खालचे लेथही बंद. शेडमध्ये इतकी शांतता झाली की बाहेरच्या पिंपळावरचे पोपट ऐकू आले. आम्ही पेढे खाल्ले आणि दुपारीच घरी गेलो. तेव्हा कुणी सांगितलं असतं की या शांततेवरून पुढं माझ्या नावाला काळं फासायची वेळ येणार आहे, तर मी दुसरा पेढा तोंडात टाकून हसले असते.

दसऱ्यानंतर पाटलांना जागं केलं, सागरनं त्यांच्या डोक्यावर आपट्याचं पान ठेवलं, आणि पहिला बिल्ड माझ्या कामाचा झाला. काम चाकणच्या एका कारखान्यातल्या प्रेसचं होतं. प्रेस म्हणजे वरून जड रॅम येऊन खाली पत्रा दाबणारी मशीन. ऑपरेटरचे दोन्ही तळवे दोन बटणांवर असले तरच रॅम खाली यावा, एक जरी हात उचलला तरी जागीच थांबावा, असा नियम असतो. त्यासाठी मशीनला स्वतःचं वेगळं वायरिंग असतं, पण आमचा प्रोग्रामही त्यात असतो, आणि हात उचलल्यावर तो थांबण्याचा हुकूम देताना जरासा रेंगाळत होता. मी ते रेंगाळणं शोधून काढून दुरुस्त केलं होतं. शेवटची ओळ सक्सेसफुल. तयार प्रोग्रामच्या पाकिटावर नवा क्रमांक. सर म्हणाले, "सणानंतरचं पहिलं काम, झकास झालं."

चार-पाच दिवसांनी चाकणहून काळे साहेबांचा फोन आला. ते तिथल्या मेंटेनन्सचे प्रमुख. कोणताही नवा प्रोग्राम आला की माणूस उभा करण्याआधी स्वतः लाकडाची फळी घालून बघणारे. "मॅडम, तुमचं नवीन चढवलं," ते म्हणाले. "हात उचलला तरी रॅम पहिल्यासारखाच खाली सरकतोय राव. फळीचा चुरा झाला. तिथं पोरगं असतं तर?"

मी तडक लॅपटॉपवर चालवून बघितलं. बरोबर थांबत होतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, माझ्याकडे तर नीट चालतंय. आमच्या धंद्यात या वाक्याइतकं हास्यास्पद वाक्य दुसरं नाही, चुकलेला प्रत्येक जण तेच म्हणतो. सगळे हसले. मीही एरवी हसले असते. पण माझ्या डोळ्यांपुढे ती फळी होती, आणि फळीच्या जागी हात दिसायचा राहत नव्हता.

चाकणच्या पट्ट्यात काहीही बिघडलं की एक तक्ता भरून द्यावा लागतो. त्यात कारणाचे चार खाने असतात: माणूस, मशीन, माल, पद्धत. पहिला खाना माणसाचा, आणि बहुतेकांचं बोट तिथंच थांबतं. माणूस सगळ्यात स्वस्त पडतो ना. मशीन लिहिलं तर मशीन बदलावी लागते, पद्धत लिहिलं तर साहेबांना बदलावं लागतं. माणूस लिहिलं की एकाला खाली मान घालायला सांगितली की भागतं. सरांनी भरून ठेवलेला तक्ता मला दाखवला. खूण माणसाच्या खान्यात, पुढे माझं नाव, आणि एक वाक्य: दुरुस्ती चुकीची, तपासणी अपुरी.

"फॉर्म्यालिटी आहे," सर म्हणाले. "तू फक्त मेलवर 'मान्य' एवढं लिहून पाठव."

"आणि मग?"

"मग काही नाही. प्रेसचं काम तेवढं तुझ्याकडून काढून दुसऱ्याला देऊ. पुन्हा सेफ्टीचं काही तुझ्याकडे नको. चाकणवाल्यांना तेवढं दाखवावं लागतं."

फॉर्म्यालिटी. हा शब्द मी लहानपणी ऐकला तेव्हा त्याचा अर्थ मला माहीत नव्हता, पण तो म्हणणाऱ्या माणसाचे पांढरे बूट मला अजून आठवतात. आम्ही भोसरीत एका खोलीत राहायचो. माझे वडील, अण्णा, लातूरकडून येऊन एका प्रेस-शॉपमध्ये लागले होते. त्यांच्याइतका हात बसलेला ऑपरेटर त्या शॉपमध्ये नव्हता, असं त्यांचे सोबतीच सांगायचे. एके दिवशी उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं प्रेसखाली गेली. पांढरे बूटवाले साहेब घरी आले, आईच्या हातचा चहा घेतला आणि एक कागद पुढे केला. माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, असं त्यावर आधीच लिहिलेलं होतं. उजव्या हाताला पट्टी होती म्हणून अण्णांनी डाव्या हातानं सही केली. पहिलीतल्या मुलीनं काढावी तशी ती सही आली होती, हे मला पक्कं माहीत आहे, कारण मीच तेव्हा पहिलीत होते.

नोकरी राहिली. पण अण्णांना पुन्हा प्रेसवर उभं केलं नाही. निष्काळजी माणसाला कोण उभं करणार? उरलेली सगळी वर्षं ते पॅकिंगला होते, खोकी बांधत. लोक विचारायचे तेव्हा म्हणायचे, माझंच ध्यान नव्हतं. इतक्यांदा म्हटलं की घरात आम्ही तेच खरं धरून चाललो.

त्या संध्याकाळी मोशीच्या घरी चहा घेताना मी अण्णांना सगळं सांगितलं. आई जाऊन काही वर्षं झाली आहेत, चहा तेच करतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लिहून टाक, माय," ते म्हणाले. "मान्य म्हणलं की इषय संपतोय. भांडत बसलं की नोकरी जाती."

"तुमचा संपला का, अण्णा?"

त्यांनी कप उचलून विसळायला नेला. मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही. काही प्रश्न घरात विचारायचे राहून जातात आणि मग ते ऑफिसात जाऊन विचारावे लागतात.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, मान्य लिहिण्याआधी मला त्या बिल्डचा लॉग वाचायचा आहे. फोल्डर उघडलं. सगळ्यात नवा लॉग वर असतो. वर होता तो खंडेनवमीच्या आधीचा. आमचा नव्हताच. "सेव्ह झाला नसेल," सर म्हणाले आणि निघून गेले. मी खाली खाली जात राहिले. मागचा पावसाळा गेला, त्याच्या मागचा उन्हाळा गेला, मी नोकरीला लागले तो महिना गेला, ऑफिस सुरू झालं तेव्हाचे अगदी पहिले लॉग आले. आणि त्यांच्याही खाली, तळाशी, एक फाइल होती. तिच्यावरची तारीख मी शाळेत दप्तर घेऊन जायचे त्या काळातली होती. तेव्हा हे ऑफिसच नव्हतं, सागर चड्डीत फिरत असेल. फाइलचं नाव मात्र माझ्या बिल्डचं होतं.

मी ती उघडली. मोजक्याच ओळी. तुकडे जोडले, पाकीट बांधलं, सक्सेसफुल. मी पुन्हा वाचलं, सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून. जी एक फाइल मी बदलली होती तिचं नाव कुठंच नव्हतं. पाटलांनी ती हातात घेतलीच नव्हती. लॉगमध्ये काय लिहिलंय ते कुणीही वाचेल. काय लिहिलेलं नाही ते वाचायला जेवणाचा डबा घेऊन समोर बसावं लागतं. मला तिथल्या तिथे उठून जिन्यावरून ओरडावंसं वाटलं. खालचा लेथ चालू होता म्हणून ओरडले नाही.

सागरला विचारलं, पाटलांच्या घड्याळाचं काही झालं होतं का? तो लगेच म्हणाला, "व्हय, मागं गेलं व्हतं की. दसऱ्यानंतर दोन दिसांनी माझ्या ध्यानात आलं, म्या सरळ केलं. त्यात काय सांगायचं, ताई?" कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवायला आत एक बटणाएवढी बॅटरी असते. पाटलांची कधीतरी संपली होती, आणि वर्षभर वीज कधी तुटतच नसल्यामुळे ते कुणाला कळलं नव्हतं. खंडेनवमीला प्लग निघाला, घड्याळ पार मागे, कॉम्प्युटर घडवताना त्यात घातलेल्या पहिल्या तारखेवर गेलं, आणि जागे झाल्यावर पाटील आपल्या तरुणपणात होते. माझी ताजी दुरुस्ती त्यांच्याकडे गेली तेव्हा तिच्यावर ती जुनाट तारीख पडली. टूलनं बघितलं, फाइल जुनी आहे, तयार तुकडा तर सणाच्या आधीचा म्हणजे तिच्याहून नवा आहे, राहू दे. जुनाच तुकडा नव्या क्रमांकाच्या पाकिटात बसून चाकणला गेला.

सर म्हणाले, "हा तुझा अंदाज झाला. आज पाटलांना हात लावायचा नाही, दुसरं काम पाठवायचंय."

"मग मान्य येणार नाही, सर. आज नाही, उद्या नाही. मला काढून टाकलंत तरी ते चार शब्द माझ्या नावापुढे मी लिहून देणार नाही. समोर करून बघू. माझा अंदाज चुकला तर तुम्ही सांगाल ते लिहीन."

माझा आवाज चढला होता. ऑफिसातले सगळे खुर्च्यांवरून वळले. सर काही बोलणार एवढ्यात सागर उठला, पाटलांना हात जोडले आणि खाली वाकला. "म्या काढला व्हता, म्याच काढतो," म्हणाला आणि प्लग उपसला. भर दुपारी, सण नसताना, पंखा मंदावत थांबला.

पुन्हा चालू केलं. घड्याळ माझ्या लहानपणात. मी सरांची ती सोय बदलली, दोन्ही वाटा एकाच फाइलमध्ये वळवल्या, कामाचं बोलणं आणि कुरकुर जशी येईल तशी एकाखाली एक. माझ्या फाइलमध्ये किरकोळ बदल करून ती पाठवली आणि बिल्ड सुरू केला. सगळे पाटलांभोवती उभे. माझ्या फाइलचं नाव आलं नाही. पण त्याच्या जागी पाटील जे बोलले ते आमच्यापैकी कुणी कधी वाचलं नव्हतं. काही फाइली पुढच्या काळातल्या दिसत आहेत. घड्याळात तफावत आढळली. तुमचा बिल्ड अपुरा असू शकतो. आणि त्याच्या खाली, काही झालंच नाही अशा थाटात, सक्सेसफुल.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. "म्हणजे हे तेव्हाही सांगितलं असणार," ते हळूच म्हणाले.

"सांगितलं होतं, सर. आपण ते फेकून देत होतो."

घड्याळ लावलं, जुने तुकडे सगळे पुसले आणि पाटलांना पहिल्यापासून कामाला लावलं. एकेक फाइल नाव सांगून पुढे जात होती, आणि माझी आली तेव्हा सागरनं नुसती मान हलवली. चाकणला पाठवलं. दुसऱ्या दिवशी काळे साहेबांचा फोन आला, फक्त एवढं म्हणाले, "फळी शाबूत आहे."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण सरांनी तक्ता बदलून आणला आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. माझं नाव खोडलं होतं, खूण मशीनच्या खान्यात गेली होती: बॅटरी संपली, मशीन पूजेसाठी बंद ठेवल्यानं दोष उद्भवला. उपाय: बॅटरी बदलली, पुढच्या वर्षीपासून पूजा बंद. मी म्हटलं, हेही चालणार नाही. सागरनं वर्षातून एक दिवस मशीनला विसावा दिला यात त्याचं काय चुकलं? उलट तो प्लग निघाला म्हणून तर बॅटरी मेलेली कळली. आणि बॅटरी बदलली तर उद्या दुसरं काहीतरी मरेल, पाटील पुन्हा ओरडतील, आपण पुन्हा कानावर हात ठेवू. खाना चौथा आहे, सर. पद्धत.

"माझ्यावर घालतेस का?" सर म्हणाले. आवाजात राग कमी होता, थकवा जास्त.

"तुमच्यावर नाही. पद्धतीवर. तक्रार फेकून द्यायची आणि शेवटची ओळ वाचायची ही पद्धत. तुम्ही मला शिकवलंत म्हणून सांगते."

 मग त्यांनी स्वतः कीबोर्ड ओढला आणि स्वतः लिहिलं. बिल्डच्या सूचना साठवल्या जात नव्हत्या व वाचल्या जात नव्हत्या. यापुढे पूर्ण लॉग साठवला जाईल व पाठवण्यापूर्वी वाचला जाईल. कोण वाचेल त्या जागी त्यांनी स्वतःचं नाव घातलं. सरांबद्दल माझा आदर त्या दिवशी वाढला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते म्हणतील, मनीषा, शेवटची ओळ सांग.

माणूस चुकत नाही असं माझं म्हणणं नाही. मी रोज चुकते, पाटील मला रोज सांगतात. पण ज्या खान्यात बोट ठेवायला सगळ्यात कमी कष्ट पडतात तिथं बोट ठेवायचं आणि त्याला शोध म्हणायचं, याचा मला राग येतो. या पट्ट्यात भोसरीपासून चाकणपर्यंत अशा किती तक्त्यांत किती जणांची नावं पहिल्या खान्यात पडून असतील. त्यांच्याही मशीन आधी कुरकुरल्या असतील. ती कुरकुर कुणीतरी सोयीसाठी कचऱ्यात सोडली असेल. मला मवाळ व्हायला सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि मी त्यांना एवढंच विचारते की तुमची बोटं किती आहेत.

त्या संध्याकाळी घरी येऊन अण्णांना सांगितलं, माझं नाव निघालं, पद्धत लिहिलं. ते भाजी निवडत होते. हात थांबला.

"असं लिहिता येतंय?" त्यांनी विचारलं.

"येतं, अण्णा."

ते पुन्हा भाजीकडे वळले. मेथीची पानं डाव्या हातानं खुडत राहिले. पण तो प्रश्न त्यांच्या तोंडून ज्या तऱ्हेनं आला, तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, आणि तो माझ्या कानातून गेला नाही.

तर आज पुन्हा झेंडू. मोठी माळ ऑफिसात नेली. पाटलांची बॅटरी नवी आहे, प्लग सागरनंच काढला, पूजा जोरात झाली, आणि दसऱ्यानंतर जागं करताना आधी घड्याळ बघायचं असं त्यानं त्यांच्या कपाळावर चिठ्ठीच चिकटवली आहे. सरांनी नारळ फोडला. खाली तेलाचा आणि झेंडूचा तोच वास होता. दुपारी धाकटी माळ घेऊन घरी आले. ती अण्णांच्या अवजारांसाठी असते. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी दोन पान्हे, एक हातोडी आणि एक झिजलेली कानस ते पाटावर मांडतात. कुंकू लावायची अनामिका शाबूत आहे, तिनं एकेकाला कुंकू लावतात.

माळ घालून झाल्यावर ते पाटासमोरून उठले नाहीत. म्हणाले, "माय, तुझा तो लॅपटॉप घे. लिही."

"काय लिहू?"

"प्रेसपुढचा जाळीचा गार्ड काढला होता. माल लवकर निघावा म्हणून. दोन दिवस मी म्हणलो, गार्ड लावा, हात जायलाय. म्हणले, तू काम कर. ते लिही."

इतक्या वर्षांत हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. माझी बोटं कीबोर्डवर होती आणि मला अक्षरं दिसेनात, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी विचारलं, हे पाठवायचं कुणाला? ते म्हणाले, ती कंपनी तरी कुठं राहिलीय, पाठवायचं नाही, लिहून ठेवायचं. त्यांनी सांगितलं तसं मी लिहीत गेले, त्यांच्या शब्दांत, मध्ये एकदाही न थांबवता. शेवटी विचारलं, "अण्णा, खाली खाना कोणता टाकू?"

त्यांनी उजवा हात पाटावर, पान्ह्यांच्या शेजारी ठेवला.

"माणूस नाही," ते म्हणाले. "तेवढं आधी लिही."

मी कर्सर वर नेऊन ते पहिल्या ओळीत लिहिलं.